अगस्ती यानावरची तिघं

नानासाहेबाला पहिला फटका रामकिसननं मारला, लाकडी स्टुलाचा. त्यानं तो मेला नाही. खाली पडला, एक हात टेकवून उठला आणि कमरेचा चाकू काढून पुन्हा बायकोकडं, द्वारकाकडं वळला. तेव्हा पुढचे दोन फटके तिनं मारले, हातोड्याचे. त्यातला दुसरा बसल्यावर तो हलला नाही.

हे घडलं एकोणनव्वद साली, औरंगपुऱ्यातल्या एका माडीवर, भर दुपारी. माडी मुकुंद देवगावकरनं भाड्यानं घेतलेली होती. मुकुंद बँकेत कारकून होता आणि रेडिओसाठी श्रुतिका लिहायचा. त्या वर्षी त्याची 'अगस्ती यान' नावाची मालिका दर रविवारी सकाळी लागायची. सूर्यमालेच्या पलीकडं निघालेलं एक यान आणि त्यातली माणसं, अशी गोष्ट होती. यानाच्या संगणकाचा आवाज मुकुंद स्वतःच काढायचा, नाकातून, एका सुरात. यानाचा मिस्त्री होता रामकिसन. तो वाळूजला एका वर्कशॉपात वेल्डिंग करायचा आणि मालिकेतले सगळे आवाजही तोच करायचा. रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा त्यानं माडीच्या तुळईला टांगला होता. त्यावर हातोडा मारला की यानाचं दार बंद व्हायचं.

आणि कप्तान होती द्वारका. वेरूळच्या अलीकडच्या एका गावची सून, सव्वीस वर्षांची. रेडिओवर बायकांच्या कार्यक्रमात ओव्या म्हणायला आली होती. मुकुंदनं बाहेरच्या बाकावर बसून तिचं बोलणं ऐकलं आणि तिथंच ठरवलं की कप्तान गोदा ही बाई होणार.

"मला तुमच्यासारखं शुद्ध बोलता येत नाय," ती म्हणाली होती.

"बोलूच नका," मुकुंद म्हणाला. "तुमच्या घरी बोलता तसंच बोला."

म्हणून रेडिओवर कप्तान गोदा म्हणायची, "मिस्त्री, यान वळवा. तिकडं उजेड हाय, इकडं लई अंधार हाय." काहींनी नाकं मुरडली. पण खेड्यापाड्यांतल्या बायका रविवारी चूल लवकर उरकायला लागल्या. बाजारात द्वारकाला बायका 'कप्तानबाई' म्हणून हाक मारू लागल्या.

नानासाहेबाला आधी ते आवडलं. तो वाळूजच्या कंपन्यांना मजूर पुरवायचा, चार लोकांत बसायचा-उठायचा. बायको रेडिओवर आहे हे सांगायला त्याला बरं वाटे. मग कोणीतरी चहा पिता पिता म्हणालं, "नाना, तुझ्या बायकोचा हुकूम आमच्या घरात बी चालतो बरं का." सगळे हसले. त्या दिवशी त्यानं घरी येऊन तिला पट्ट्यानं मारलं. त्यानंतर मारण्याला कारण लागेनासं झालं. एका रविवारी कप्तान गोदा जरा बोबडी बोलली. ऐकणाऱ्यांना वाटलं सर्दी झाली असेल. तिचा पुढचा दात आदल्या दिवशी पडला होता.

मुकुंदनं विचारलं तर ती म्हणाली, पायरीवरून पडले. रामकिसननं विचारलं नाही. तो फक्त म्हणाला, "द्वारकाबाई, आमच्या वर्कशॉपात रात्रपाळीला माणसं असत्यात. कधीबी या. दार उघडंच असतं."

त्या दुपारी तालीम चालू असताना नानासाहेब जिना चढून वर आला. दारू प्यालेला नव्हता. त्यानं मुकुंदला नमस्कारही केला. मग द्वारकाजवळ जाऊन म्हणाला, "बोल, आता मला हुकूम दे. यान वळव म्हण." ती मागं सरली. त्यानं दोन्ही हातांनी तिचा गळा धरला आणि तिला भिंतीवर दाबलं. तिचे पाय जमिनीवरून उचलले गेले. गळ्यातून घरघर निघाली, मग तीही थांबली. मुकुंद "अहो, अहो" एवढंच म्हणत राहिला. रामकिसननं स्टूल उचललं.

पुढचं वर सांगितलंच आहे. द्वारका हातोडा धरून उभी होती. डोळे रक्तानं भरल्यासारखे लाल झाले होते, गळ्यावर दहा बोटं उमटली होती. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण तोंडातून नुसती हवा येत होती. रामकिसननं तिच्या हातातून हातोडा काढून घेतला. मोरीवर नेऊन तिचे हात धुतले, आणि मग तो हातोडा स्वतःच्या मुठीत घट्ट धरला.

"मुकुंदराव," तो म्हणाला, "तिन्ही फटके माझे. तुम्ही पाहिलं."

"रामकिसन, अहो, पण..."

"पहिला माझाच व्हता. पुढच्याला कोण मोजतं? तुम्ही पाहिलं का नाय?"

मुकुंदनं एकदा द्वारकाकडं पाहिलं. तो म्हणाला, "पाहिलं."

द्वारकाचा आवाज परत यायला जवळजवळ महिना लागला. तोवर रामकिसनचा जबाब झाला होता आणि मुकुंदचाही. बोलता यायला लागल्याबरोबर ती हर्सूलला तुरुंगात भेटायला गेली. जाळीपलीकडून म्हणाली, "मी खरं सांगणार हाय."

"सांगा," रामकिसन म्हणाला. "मग मी कोर्टात सांगतो की बाई मला वाचवायला खोटं बोलती. लोक आधीच आपल्याला नावं ठेवायलेत. तुमचं कोण ऐकंल? दोघं बी आत जाऊ. त्यात काय फायदा?"

ती जाळीला कपाळ लावून रडली. पण सांगितलं नाही.

लोक नावं ठेवत होते ते खरं होतं. गावात एकच बोललं जायचं की द्वारकानं यारासाठी नवऱ्याला संपवलं. तिची सासू चतुराबाई आणि दीर काकासाहेब यांनी तिला घरातून ओढून बाहेर काढलं तेव्हा अख्खं गाव बघत होतं. काकासाहेब तेव्हा विशीतला होता. मोठ्या भावाचा फोटो एका हातात आणि वहिनीचे केस दुसऱ्या हातात धरून त्यानं तिला पाणंदीपर्यंत फरफटत नेलं. तिथं चतुराबाईनं तिच्या पाठीवर जळतं लाकूड टेकवलं. द्वारका तिथून चालत चालत डांबरी सडकेला लागली. एका ट्रकवाल्यानं तिला वाळूजपर्यंत सोडलं.

ती बजाजनगरात राहिली. कामगारांसाठी खाणावळ चालवणाऱ्या एका बाईच्या हाताखाली भाकऱ्या थापल्या, पुढं स्वतःची खाणावळ काढली. मालिका बंद झाली होती. तिचा आवाज आता जाड आणि खरखरीत होता. जेवायला येणारी कामगार पोरं घाबरूनच गुपचूप जेवायची.

रामकिसन शिक्षा भोगून नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात सुटला. तुरुंगाच्या दारात मुकुंद आणि द्वारका उभे होते. रामकिसन वाळला होता. डाव्या कानानं त्याला ऐकू येत नव्हतं, आत कोणीतरी त्याच्या कानशिलावर वीट घातली होती. त्याची आई वारली होती, भावानं पत्ता कळवायचं बंद केलं होतं.

"कुठं जायचं?" त्यानं विचारलं.

"आधी जेवायला," द्वारका म्हणाली.

खाणावळीत तो एका कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून बसला. मुकुंद आता बँकेत अधिकारी झाला होता, केस पांढरे झाले होते. रामकिसनचं जेवण होईपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, "रेडिओवाले पुन्हा अगस्ती करा म्हणतायत. जुने श्रोते अजून विचारतात. मी होकार दिलाय, पण एका अटीवर. कप्तान आणि मिस्त्री जुनेच पाहिजेत."

रामकिसन हसला. "तुरुंगातला माणूस रेडिओवर?"

"नाव कशाला लागतंय? आवाज लागतो."

"माझ्या आवाजाला गंज चढलाय."

"माझ्याला बी," द्वारका म्हणाली. "कप्तानाचं वय झालं म्हणायचं."

नव्या मालिकेत मुकुंदनं अशी गोष्ट रचली होती: अगस्ती यानाचा मिस्त्री एका चंद्रावरच्या खाणीत अडकलेला आहे. बाकीच्यांना सुटता यावं म्हणून तो मागं राहिला होता. कितीतरी वर्षांनी म्हातारी कप्तान गोदा मोडकं यान घेऊन त्याला आणायला निघते. वाटेत लुटारू यानं आहेत, खाणीवर पहारा आहे, ती एकेका अडथळ्याला भिडत जाते. रामकिसननं पहिलं वाचन ऐकलं.

"मुकुंदराव, हे तुम्ही माझंच लिवलंय का?"

"नाही हो," मुकुंद म्हणाला. मग चष्मा काढून पुसत म्हणाला, "हो. दुसरं काही सुचलंच नाही."

"मग एक बदला. खाणीत मिस्त्री असा बसून राहत नाय. तिथं रोज मारामारी असती. मार खायला बी शिकावं लागतं, द्यायला बी. तेवढं घाला. नाहीतर ऐकणाऱ्याला वाटंल तो तिथं आराम करत व्हता."

मुकुंदनं ते घातलं. खाणीतल्या मारामारीचा प्रवेश करताना रामकिसननं उशीवर मुठी मारून आवाज काढले, आणि मारता मारता थांबलाच नाही. उशी फाटली, कापूस खोलीभर झाला. द्वारकानं पुढं होऊन त्याची मनगटं धरली. "बस्स," ती म्हणाली. "झाला आवाज." तो धापा टाकत खाली बसला, आणि मग तिघंही कापूस वेचायला लागले. कोणाला कशाचं हसू आलं ते कळलं नाही, पण हसले. इतक्या वर्षांत तिघं एकत्र हसले नव्हते.

तालमी व्हायच्या बजाजनगरातच, कडूबाच्या स्टुडिओत. कडूबा भजनाच्या आणि गणेश मंडळांच्या कॅसेटी काढायचा. एकच खोली, खिडकी नाही, चारी भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. आत कितीही ओरडलं तरी बाहेर पानटपरीवर ऐकू जात नसे. कडूबाला त्याचा अभिमान होता.

काकासाहेबाला कुणी सांगितलं ते नंतर कधी कळलं नाही. खाणावळीत जेवणाऱ्यांत त्याच्या गावची पोरं होती, त्यांच्यापैकीच कोणी असेल. रामकिसन सुटल्याचं त्याला माहीत होतंच. चतुराबाईनं दहा वर्षं दिवसातून एकदा तरी त्याला विचारलं होतं, "तुझ्या भावाला मारणारा जिता हाय का रे अजून?" तो आता तिशीचा होता. त्याचं लग्न झालं नव्हतं. खुनाच्या घरात मुलगी द्यायला कोणी तयार नव्हतं.

एका दुपारी कडूबा जेवायला घरी गेला. तिघं आत तालीम करत होते. प्रवेश असा होता की कप्तान खाणीच्या दारात पोचते आणि मिस्त्री तिला ओळखत नाही. दार उघडलं. रामकिसनचा बहिरा कान दाराकडं होता. काकासाहेबानं आत येऊन कडी लावली आणि शर्टाखालून ऊस तोडायचा कोयता काढला.

"भावजी!" द्वारका ओरडली.

रामकिसन वळला आणि डावा हात वर केला. कोयता मनगटावर बसला. हाड तुटल्याचा आवाज तिघांनीही ऐकला. पंजा कातड्याला लोंबायला लागला. रामकिसननं त्याच्याकडं असं पाहिलं जणू तो दुसऱ्या कोणाचा होता, आणि गुडघ्यांवर बसला. रक्त गाद्यांवर, मुकुंदच्या कागदांवर उडालं. मुकुंद मध्ये पडला तसा काकासाहेबानं त्याला लाथ घातली. तो कॅसेट काढायच्या मशीनवर आदळला, आणि उलट्या हातानं केलेला वार त्याची मांडी चिरत गेला.

काकासाहेबानं कोयता दोन्ही हातांत धरून रामकिसनच्या मानेवर उगारला. तो रडत होता. "माझ्या भावाला," तो म्हणत होता, "माझ्या भावाला."

"थांब!"

द्वारकाचा तो आवाज त्या खोलीत असा फुटला की त्याचे हात वरच राहिले.

"त्यानं नाय मारलं," ती म्हणाली. "मी मारलं. त्यानं स्टूल घातलं तेव्हा तुझा भाऊ पडून पुन्हा उठला व्हता. मग मी हातोडा घातला. दोनदा. ह्या हातानं."

"खोटं बोलतीस."

"एक कानाच्या मागं, एक टाळूवर. तू न्हाऊ घातलंस ना त्याला? तू बघितलं असशील."

काकासाहेबाचं तोंड उघडं पडलं. त्यानं बघितलं होतं. रामकिसन खालून म्हणाला, "बाई, गप बसा. गप बसा ओ." पण काकासाहेब आता तिच्याकडं वळला होता. द्वारका पळाली नाही. पळायला जागाही नव्हती.

तेव्हा मुकुंदनं, ज्यानं आयुष्यात कोणावर हात उगारला नव्हता, भिंतीवरची गादी दोन्ही हातांनी धरून खिळ्यांसकट उपटली आणि काकासाहेबाच्या अंगावर टाकून स्वतः त्या गादीवर पडला. दोघं कोसळले. कोयता गादीतून वर आला, मुकुंदच्या बरगडीला घासून गेला, पुन्हा आत गेला. "रामकिसन!" मुकुंद किंचाळला. रामकिसन गुडघ्यांवर सरपटत आला. उजव्या हातानं त्यानं गादीच्या कडेतून काकासाहेबाचा गळा शोधला आणि दाबला. तुरुंगात शिकलेला हात होता तो. काकासाहेबाच्या टाचा जमिनीवर आपटायला लागल्या. कोयता सुटला. चेहरा काळानिळा झाला, डोळे लाल झाले, जीभ बाहेर आली.

द्वारकाला ते डोळे ओळखू आले. नवऱ्यानं भिंतीवर दाबलं होतं तेव्हा आपलेही असेच झाले असतील, असं तिला वाटलं.

"सोडा," ती म्हणाली. "रामकिसन, सोडा त्याला."

तो सोडेना. तिनं वाकून, त्याच्या ऐकू येणाऱ्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "माझ्यापायी एक झालाय. दुसरा नको. सोडा."

त्याची बोटं एकेक करून सुटली. काकासाहेब ओकला आणि हवेसाठी तडफडत पडून राहिला. द्वारकानं कडी काढली, कोयता उचलून दाराबाहेर फेकला, आपला पदर फाडून रामकिसनचा दंड करकचून बांधला. कडूबा जेवून परत आला तेव्हा त्याला दारात कोयता दिसला. आत पाहिल्यावर तो धावत चौकात गेला, रिक्षा आणली, पोलिसांना बोलावलं.

रामकिसनचा पंजा गेला. मुकुंदच्या मांडीला आणि बरगडीला टाके पडले. काकासाहेबाला कोठडीत टाकलं. तिथं त्यानं सगळं सांगितलं, फक्त द्वारका जे बोलली ते सांगितलं नाही. भाऊ वैऱ्याच्या हातून मेला हे तो गावात सांगू शकत होता, बायकोच्या हातून मेला हे सांगणं त्याच्यानं होईना.

इस्पितळात द्वारका रामकिसनच्या खाटेजवळ बसली होती. तो तिच्याकडं बघत नव्हता.

"दहा वर्षं," तो शेवटी म्हणाला. "दहा वर्षं मी एक गोष्ट धरून ठेवली. तुम्ही एका घटकेत सांडून टाकली."

"तुमची मान तुटत व्हती."

"तुटू द्यायची."

"का? तुमचंच एकट्याचं व्हतं का ते?" द्वारकाचा आवाज चढला. शेजारच्या खाटेवरची माणसं बघायला लागली. "तुम्ही आत गेलात, तुमचं नाव झालं. मी भायेर राहिले. रोज भाकरी थापताना हात बघत व्हते. मला कोणी इचारलं का, तुला हे झेपतंय का?"

रामकिसन म्हणाला, "मला वाटलं व्हतं, मी वाचवलं तुम्हाला."

"वाचवलंच. म्हणून तर जाऊन सांगणार हाय."

"पोलिसांना?"

"पोलिसांचं कोण मेलंय? ज्या बाईचा लेक मेलाय तिला."

मुकुंद म्हणाला, एकट्या जाऊ नका, मी लंगडत का होईना येतो. ती एकटीच गेली.

चतुराबाई ओसरीवर एकटी बसली होती. घर रिकामं होतं. एक मुलगा फोटोत, दुसरा कोठडीत. सुनेला ओळखायला तिला वेळ लागला. ओळखल्यावर ती उठली.

"आत्याबाई," द्वारका अंगणात उभी राहून म्हणाली, "तुमच्या लेकाला मी मारलं. रामकिसननं नाय. माझा जीव जात व्हता म्हणून मारलं. पण मारलं मी. तुम्ही इतकी वर्षं चुकीच्या माणसाला शिव्या दिल्या."

चतुराबाईनं मोरीवरचं धुणं बडवायचं लाकूड उचललं. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा पाठीवर, तिथंच, जुन्या डागावर. द्वारकानं हात वर केला नाही. म्हातारी एकही शब्द न बोलता मारत होती, घशातून फक्त कण्हत होती. गळ्याजवळचं हाड मोडलं तेव्हा द्वारका गुडघ्यांवर आली. चतुराबाईनं लाकूड डोक्यावर उगारलं. पण मारलं नाही. मग ती धापा टाकत पायरीवर बसली.

"कुठं लागलं व्हतं त्याला?" तिनं विचारलं.

द्वारकानं सांगितलं.

"लगीच गेला का?"

"लगीच गेला."

म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. "तो बापावर गेला व्हता," ती म्हणाली. "मला ठाऊक हाय. मी काय आंधळी नव्हते." मग मान वर करून, "आता काकासाहेबाला सोडव. तू जबाब फिरव. माझं दुसरं कोण हाय?"

"नाय आत्याबाई."

"मी एवढं मारलं तुला, तरी?"

"तुम्ही मारलं ते तुमचं-माझं. त्यानं रामकिसनचा हात तोडला. ते मी फिरवणार नाय. खरंच सांगणार."

चतुराबाईनं लाकूड अंगणात भिरकावलं. "मग जा इथून. पुन्हा तोंड दाखवू नको."

द्वारका उठली. मोडक्या हाडानं चालताना तिला श्वास घेता येत नव्हता. वेशीपाशी पोचल्यावर मागं म्हातारीचं मोठ्यानं रडणं सुरू झालं, दोन्ही लेकांची नावं घेत. ती ऐकत उभी राहिली, वडापची जीप आली तशी तीत बसली.

काकासाहेबाला सात वर्षांची शिक्षा झाली. निकाल ऐकताना त्यानं द्वारकाकडं एकदा पाहिलं. त्यात राग होता, पण तो मारायला निघालेल्या माणसाचा राग नव्हता.

कडूबानं स्टुडिओच्या गाद्या बदलल्या आणि दिवाळीनंतर अगस्ती यानाचं काम पुन्हा सुरू झालं. मुकुंद खुर्चीत पाय लांब करून बसायचा. द्वारकाला दीर्घ श्वास घेतला की हाड दुखायचं, म्हणून कप्तान गोदाची वाक्यं तोडून लहान केली. रामकिसन एका हातानं पत्रा हलवायचा, दुसरा आवाज लागला की तोंडानं काढायचा, आणि ते जमलं नाही की शिव्या द्यायचा. शेवटच्या भागावरून मात्र भांडण झालं. मुकुंदनं लिहिलं होतं की मिस्त्री कप्तानाला वाचवताना मरतो.

"आता मरणार नाय," रामकिसन म्हणाला.

"नाट्य येतं हो त्यानं."

"येऊ द्या नाहीतर जाऊ द्या. लई झालं मला मरायला लावणं. दुसरं लिवा."

द्वारका म्हणाली, "मी बी नाय म्हणणार ती वाक्यं." मुकुंदनं ते पान फाडलं.

शेवटचा भाग पुरा झाला त्या संध्याकाळी तिघं बाहेर आले. कंपन्यांची पाळी सुटली होती, सायकलींची रांग खाणावळीकडं वळत होती. मुकुंद रिक्षात बसून शहराकडं गेला. रामकिसन तेव्हा कडूबाच्याच ओट्यावर झोपत होता. तो तिकडं निघाला तशी द्वारका म्हणाली, "माझ्या मागच्या खोलीत जागा हाय. सामान घेऊन या."

"लोक काय म्हणतील?"

"दहा वर्षं म्हणत्यातच की. त्यांचं तोंड दुखंल आता."

रामकिसननं बाहीच्या रिकाम्या टोकाकडं पाहिलं. "मला एका हातानं भाकरी थापता यायची नाय."

"तुमच्या हातची खाणार कोण हाय?" ती म्हणाली आणि चालायला लागली. "चला बिगीबिगी. पाळीची पोरं उपाशी बसलीत."